ओंजळीचं माप

मंगळवार पेठ, कोल्हापूर
६ जून १९९९

वैद्यराज अमरेश यांस,

नमस्कार शेवटी घालतो, तोवर तू पत्र टाकून दिलं नाहीस तर. आधी अक्षराबद्दल. हे अक्षर बघून तुला वाटेल, सोमशेखरने तिसरीतल्या पोराला बसवून पत्र लिहून घेतलं. तसं नाही. हा तुझा मेहुणा स्वतः लिहितो आहे, जाड निबाने, काळ्या शाईने, आणि तरी ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात. त्यांना सोडवायला जावं तर त्या मला दिसत नाहीत.

गेलं वर्षभर डोळ्यांचं काहीतरी चाललं होतं. मी म्हटलं, पन्नाशी उलटली, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग उन्हात चालणं अवघड झालं. दुपारी शाळेतून रस्त्यावर आलो की समोर सगळं ताकासारखं पांढरं. संध्याकाळी जरा बरं दिसतं, पण प्रत्येक दिव्याभोवती कडं, देवांच्या तसबिरीत असतं तसं. आमच्या पेठेतले महापालिकेचे दिवे इतके पुण्यवान असतील याची मला कल्पना नव्हती. वर्गात याहून मजा. डाव्या हाताच्या बाकांवरची पोरं मला दिसेनाशी झाली, आणि हे त्यांना माझ्या आधी कळलं. सगळा व्रात्य माल महिन्याभरात डावीकडे सरकला आणि तिकडून शेंगा फोडल्याचे आवाज यायला लागले. मी आपला समजत होतो, यंदाचा वर्ग शांत आहे. उजवीकडचा होता.

शेवटी तुझ्या बहिणीने, रत्नव्वाने, मला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर प्रियदर्शनी माझीच विद्यार्थिनी निघाली, मार्कांसाठी संस्कृत घेतलेल्यांपैकी. तसं तिने स्वतःच कबूल केलं. तिने थेंब घातले, यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, आणि सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पाठच्या बाजूने धरलेला. शिवाय डोळ्यातला दाब वाढून आतली नस सुकत चालली आहे, म्हणजे काचबिंदू. मोतीबिंदू काढता येतो. नसेचं जे गेलं ते गेलं. मग तिने माझा गोल गरगरीत चेहरा बघितला, ज्याबद्दल सगळी पेठ तीन वर्षं माझं अभिनंदन करते आहे. हातावरचे निळे डाग बघितले. आणि विचारलं, स्टिरॉइडच्या गोळ्या कधीपासून घेता.

मी म्हटलं, बाई, मी डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही. सांध्यांसाठी चूर्ण घेतो, तेवढंच. माझ्या बायकोचा भाऊ इचलकरंजीत वैद्य आहे, तीन वर्षं त्याचीच पुडी, मधातून. तिने पुडी मागितली आणि वर छापलेला श्लोक वाचला, एकही चूक न करता, हे मी मुद्दाम नोंदवतो:

वेदनातमसो दीपः पङ्गूनां चरणद्वयम् ।
मधुना सेवितं नित्यं चूर्णमेतत् सुखावहम् ॥

अर्थही बरोबर सांगितला. वेदनेच्या अंधारातला दिवा, पांगळ्यांचे दोन पाय, रोज मधातून घेतलं की सुख देणारं हे चूर्ण. मी म्हटलं, श्लोक माझा आहे. ज्या दिवशी मी काठीशिवाय जिना उतरलो, त्या दिवशीच्या आनंदात करून दिला होता.

"श्लोक छान आहे, सर," ती म्हणाली. "पण आत काय आहे?"

अमरेश, तिला एवढंच कळायला हवं. आत काय आहे, आणि किती. असल्या चूर्णांत काही लोक स्टिरॉइड मिसळतात असं तिचं म्हणणं. तसं असेल तर एकदम थांबवलं की जिवाशी गाठ, आणि चालू ठेवलं की डोळ्यांशी. प्रमाण कळलं तर पायरीपायरीने उतरवता येतं, मग शस्त्रक्रिया. मी तिला सांगितलं, अमरेश आणि मी एका मठात वाढलो, एका ताटात जेवलो, तो माझा मेहुणा नंतर झाला. तिने वाद घातला नाही, फोन नंबर लिहून दिला. तो सोबतच्या चिठ्ठीत आहे. फोन कर. सुंठ, रास्ना, एरंडमूळ, जे काय असेल ते सांग, म्हणजे पोरीचं समाधान होईल.

माझंही होईल.

सोमशेखर


मंगळवार पेठ
३० ऑगस्ट १९९९

अमरेश,

वैद्यराज म्हणणं या पत्रापुरतं स्थगित ठेवलं आहे.

फोन नाही. दवाखान्यात तुझ्याकडे फोन आहे, घरी आहे, तुझ्या मुलाने म्हणे गच्चीवरही वायर नेली आहे. एवढ्या फोनांच्या गराड्यात माणसाचा गोंधळ होत असेल, मी समजू शकतो.

नागपंचमीला तू रत्नव्वाला न्यायला आलास. भावाने येऊन बहिणीला माहेरी न्यायचं, ही रीत तू एकाही वर्षी चुकवली नाहीस, तेवढं तुझ्या पारड्यात. पण दरवर्षी तू जिना चढून वर येतोस, माझ्या ताटलीतला तंबिटाचा लाडू न विचारता उचलतोस, माझ्या सुटलेल्या पोटावर बोलतोस. यंदा गाडी खाली उभी केलीस आणि भोंगा वाजवलास. मी खिडकीत आलो. ऊन होतं. मला गाडी दिसली नाही, तू दिसला नाहीस, एक पांढरा ढग भोंगा वाजवत होता. मी त्या ढगाला वर ये म्हणालो. ढग म्हणाला, उशीर व्हायलाय.

रत्नव्वा परत आली ती नवं इरकल नेसून. डब्यात लाह्या, तंबिट, आणि पिशवीच्या तळाशी पुड्या. भरपूर, ताज्या, फुकट. मी विचारलं, काय म्हणाला तुझा अण्णा. तू म्हणालास म्हणे की डॉक्टर लोकांच्या पोटात वैद्यांबद्दल दुखतं, आणि सोम्याला सांग, श्रद्धा ठेव.

तू मला श्रद्धा शिकवतोस? मठात गुरुजी आपल्याला लाल-काळ्या गुंजा देऊन औषध तोलायला बसवायचे. एक गुंज इकडची तिकडे झाली की तुझ्या डोळ्यांत पाणी. मी तुला चिडवायचो, अमऱ्या, एक गुंज जास्त गेली तर रोगी काय मरतो? बारा वर्षांचा होतास तू. नाक पुसत म्हणायचास, रोगी मरत नाही, पण मी वैद्य राहत नाही. त्या पोराच्या भरवशावर मी तीन वर्षं पुडी घेतली. मोठेपणी तू काय झालास, याची चौकशी करायची राहून गेली.

मी विचारलं, आत काय आहे. तू आणखी पुड्या पाठवल्यास. भांडं कुणी चोरलं विचारावं आणि चोराने तेच भांडं आहेर म्हणून पाठवावं, तशातली गत.

त्यावरून घरात भांडण झालं. रत्नव्वा म्हणाली, "अण्णाच्या पुडीनंच तुमी उठून बसलासा. ते इसरलासा व्हय?" विसरलो नाही. विसरता आलं असतं तर रागवायला सोपं गेलं असतं. सकाळी तिने नेहमीसारखा वाटीत मध घेतला, पुडी सोडली, बोटाने कालवली आणि माझ्यापुढे धरली. मी वाटी पालथी घातली. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिच्या हातचं काही सांडलं नव्हतं.

आजपासून पुडी बंद. प्रियदर्शनीने बजावलंय, सर, एकदम नको. पण आत सुंठच असेल तर थांबवून होणार काय? काही झालं नाही तर मी तुझी माफी मागेन, पत्रातून नव्हे, इचलकरंजीत येऊन, चारचौघांत. आणि काही झालं तर मला तुझ्या फोनची गरज उरणार नाही.

सोमशेखर


कोल्हापूर
२४ सप्टेंबर १९९९

अमरेश,

उत्तर मिळालं.

आधी भूक गेली. मग उलट्या. मग आठवीच्या वर्गात, धातू चालवता चालवता, फळ्याला टेकलो आणि फळ्यासकट खाली आलो. मला उचललं ते डाव्या बाकांवरच्या पोरांनी. त्यांच्या शेंगा मी माफ केल्या आहेत. दवाखान्यात रक्तदाब सापडेना. रत्नव्वा बाहेरच्या बाकावर बसून कुठल्या देवाचं नाव घेत होती कोण जाणे. मोठ्या डॉक्टरांनी शिरेतून एक सुई दिली, आणि मेलेला मी काही वेळाने चहा मागू लागलो.

सुईत काय होतं म्हणशील तर स्टिरॉइड.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. आपलं शरीर ते द्रव्य रोज थोडं आपलं आपण बनवत असतं. बाहेरून आयतं यायला लागलं की आतला कारखाना बंद पडतो, घरजावई काम सोडतो तसा. मग एक दिवस बाहेरचं बंद केलं की आत काहीच नसतं. सुंठ बंद करून कुणी असा आडवा झाल्याचं त्यांच्या ऐकिवात नाही. माझ्याही नाही. आता तेच औषध ते मला गोळीतून देताहेत, मोजून, थोडं थोडं कमी करत. तीन वर्षं मी जे खाल्लं तेच आता मी खातो आहे, अमरेश. फरक आहे तो मापाचा.

आणि तेच माप ते पुन्हा पुन्हा विचारतात. पुडीत किती होतं? मला ठाऊक नाही म्हटलं की ते अंदाजाने उतरवतात. पायरी चुकली तर मी पुन्हा आडवा. जपून उतरावं तर तेवढे दिवस डोळे आणखी जाणार. म्हणजे तुझ्या एका फोनवाचून माझा जीव आणि माझे डोळे एकमेकांशी भांडत बसलेत, आणि तू तिकडे भोंगा वाजवत फिरतोस.

डोळ्यातला दाब उतरायला जूनपासून थेंब आहेत, सकाळ-संध्याकाळ. ते रत्नव्वा घालते. मी खुर्चीत मान मागे टाकतो, ती पापणी वर ओढते. पूर्वी हे करताना ती सगळ्या गल्लीची बातमी सांगत असे. आता नुसते थेंब मोजते. परवा थेंब घालून झाल्यावर म्हणाली, "माझ्या हातानं कालवून दिलंय मी." मी म्हटलं, तुझ्या हाताचा यात काय दोष. तिने बाटलीचं टोपण लावलं आणि आत निघून गेली.

माझ्या डोळ्यांचा मला राग आहेच. पण तिच्या तोंडी हे वाक्य घातल्याचा जास्त आहे. ते कुठल्या शस्त्रक्रियेने काढायचं, ते सांग.

सांधे परत आलेत. जुने पाहुणे, न कळवता आले, पथारी पसरून बसले. जिना मी आता बसून उतरतो. काठीशिवाय जिना उतरल्याच्या आनंदात मी जो श्लोक केला, त्यातला एक शब्दही मला आता आठवू नये असं वाटतं. पण आपल्याला घोकायला लावलं होतं ना, काही विसरता येत नाही.

फोन कर. सुंठ-रास्नाचं नाटक नको. नुसतं माप सांग.

सोमशेखर


मंगळवार पेठ
९ जानेवारी २०००

अमरेश,

काल तुझ्या खोलीत मी जे ओरडलो ते बाहेरच्या रांगेलाही ऐकू गेलं, तेव्हा ते पुन्हा लिहीत नाही. तू जे बघितलं नाहीस तेवढं आधी सांगतो.

रत्नव्वाला सांगितलं, पेपर तपासण्याची बैठक आहे. ज्याला फळा दिसत नाही तो पेपर काय तपासणार, हे तिच्या लक्षात आलं असणारच. तिने डबा बांधून दिला. एस.टी.तून उतरून विचारत विचारत आलो. मी आलोय असं कुणाला सांगितलं नाही. रांगेत उभा राहिलो, तुझ्या रोग्यांसारखा. कारखान्यातून रात्रपाळी संपवून आलेली माणसं होती, अंगाला तेलाचा वास, केसांत कापसाचं भुसकट. माझ्या पुढे एक पिराजी म्हणून होता. चार माग सांभाळतो म्हणाला. माझी काठी बघून त्याने मला जागा करून दिली आणि शिकवायला घेतलं. "पावणं, नवं हाय जणू. आदी मंतर म्हणायचा, मग पुडी तोंडात. न्हाईतर गुण येत न्हाई." आणि त्याने मला माझा श्लोक म्हणून दाखवला. सगळी रांग म्हणत होती, पाढे म्हणावेत तशी. उच्चारांबद्दल बोलत नाही. आयुष्यभर मी पोरांना श्लोक पाठ करायला लावले, एकानेही इतक्या भक्तीने पाठ केला नव्हता.

पिराजीला विचारलं, डोळे कसे आहेत. तो म्हणाला, हल्ली तुटलेला धागा सापडत नाही, दिव्याखाली तर अजिबात नाही. मी त्याचा हात धरून सांगितलं, ही पुडी डोळे खाते. त्याने हात सोडवून घेतला नाही. म्हणाला, "डोळ्याचं मागनं बघू की, पावणं. पायच उभं ऱ्हायनात तर माग कोण चालवणार, तुमी?"

त्यावर मीच त्याचा हात सोडला. म्हणून आत आल्यावर तुझ्यावर इतकं बोललो.

तुझ्या त्या आतल्या खोलीत सुंठीची पोती आहेत, आणि मिरची कांडायचं यंत्र आहे. आपण दगडी खलात शिकलो, तू चटणीच्या यंत्रात औषध करतोस, असो. यंत्राशेजारी पत्र्याचा डबा होता. तुला वाटलं, ह्याला काय दिसतंय. दिसलं नाहीच. मी आत हात घातला. बोटांना कळलं. गोळ्या, शाबूहून चपट्या, गुळगुळीत, हजारांनी.

तू दार लावून घेतलंस. मी विचारलं, एका पुडीत किती?

"ओंजळभर टाकतो," तू म्हणालास. "कधी दीड. गुण येत न्हाई म्हणाली लोकं की वाढवतो."

मी पुन्हा विचारलं, एका पुडीत किती.

"ते कसं सांगू, सोम्या? कांडलं की मिसळतंय. एकीत जास्त जातंय, एकीत काय बी नसतंय. मला ठाऊक असतं तर पैल्याच दिवशी फोन केला असता."

म्हणजे इतके दिवस मी ज्याच्यासाठी पत्रं लिहीत होतो ते गुपित नव्हतंच. सांगायलाच काही नव्हतं. माझे डोळे कशाने गेले ते कळलं, किती घेऊन गेले ते जगात कुणालाच ठाऊक नाही. मी तिथे सुंठीच्या पोत्यावर बसलो. आणि मग तू माझ्या शेजारी बसून, मऊ आवाजात, जे सांगितलंस ते मी तुला कधी माफ करणार नाही. पहिली ओंजळ तू माझ्यासाठी टाकलीस. रत्नव्वा रडत आली होती, मालकांना परसाकडेला धरून न्यावं लागतं म्हणाली. तुझं साधं चूर्ण तर लागू पडत नव्हतं. तू दुकानातून गोळ्या आणून टाकल्यास, मी उठून चालायला लागलो, आणि मला चालताना बघून रांग लागली. "मायेचं माप नसतंय, सोम्या," असं तू म्हणालास.

संस्कृतच्या मास्तरला उत्तर एस.टी.त सुचतं. आता देतो. मायेला माप नसतं, म्हणूनच ती पुडीत बांधून विकायची नसते. तू अडाणी असतास तर मी एवढा चिडलो नसतो. भोंदू असतास तर पोलिसांत गेलो असतो आणि सुखाने झोपलो असतो. तुला तोलता येत होतं, अमऱ्या. आपल्या सगळ्या पाठशाळेत फक्त तुला तोलता येत होतं.

बाहेर येऊन मी रांगेला सांगायला गेलो. मला एकच मराठी येते, पुस्तकातली. मी म्हणालो, बंधूंनो, ह्या चूर्णात घातक द्रव्य मिसळलेलं आहे. रांगेने ठरवलं, हा दुसऱ्या वैद्याने पाठवलेला माणूस. कुणी अंगावर आलं नाही, नुसते हसले. दाराच्या चौकटीवर खांदा आपटला तेव्हा पिराजीनेच मला धरून स्टँडवर सोडलं, गाडीत बसवलं, आणि खिडकीतून उपदेश केला की राग आला म्हणून औषध सोडू नका.

घरी येऊन रत्नव्वाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. एका ठिकाणी तिचा हात थांबला. "ओंजळ?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती पुन्हा निवडायला लागली. खडे काढत होती की नुसती बोटं फिरवत होती, मला दिसलं नाही.

श्लोक पुडीवरून काढ. ही विनंती नाही.

सोमशेखर


मंगळवार पेठ
२७ ऑगस्ट २०००

अमरेश,

तुझा फोन आला. ज्याला वर्षभर फोनचा आकडा फिरवता येत नव्हता, त्याने शेजारच्या बाळासोंच्या घरी फोन करून मला बोलावून घेतलं. मी जिना बसून उतरलो, त्यांचा जिना काठी टेकत चढलो, आणि ऐकलं काय, तर "रत्नाला घेऊन जा."

प्रियदर्शनीने काय केलं असं तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. मे महिन्यात तिने दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. उजव्याची पट्टी सोडल्यावर पहिली दिसली ती भिंतीवरची पाल. इतका देखणा प्राणी असेल असं मला वाटलं नव्हतं. डाव्यात नस फारशी उरलेली नाही, तिथे एक खिडकी आहे, तीही अर्धी झाकलेली. डावे बाक आता कायमचे गेले. शाळेने मला ग्रंथालयात बसवलंय. तिथे कुणी शेंगा खात नाही, करमत नाही.

आता रत्नव्वाचं. यंदा पंचमीला तू आलास, खालून भोंगा वाजवलास. दरवर्षी ती चार दिवसांची पिशवी भरते. यंदा वळकटी बांधून बसली होती. मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, "पंचमीला आलेल्या लेकीला कवा जाणार म्हणून इचारत न्हाईत." मी म्हटलं, ते भावाने विचारायचं नसतं. "तेच म्हणते मी," ती म्हणाली, आणि उतरली.

तिकडे ती काय करते आहे हे मला पिराजीकडून कळलं. तो परवा डोळे दाखवायला प्रियदर्शनीकडे आला होता, वाट काढत माझ्याकडे आला. सोबत पुडी घेऊन आला होता, वैनींनी सांगितलंय म्हणाला. तू दिलेलं इरकल नेसून ती सकाळी रांग लागायच्या आत तुझ्या दवाखान्याच्या पायरीवर बसते. प्रत्येकाला थांबवते. पिराजीने तिची नक्कल करून दाखवली: "ह्या पुडीत इंग्रजी गोळ्या हायत्या. माझा अण्णाच घालतोय. माझ्या मालकाचा डोळा गेला, मीच कालवून दिल्यात्या. आणि एकदम बी सोडू नगासा, मरशीला. पुडी घेऊन मोठ्या दवाखान्यात जावा."

मी जे पुस्तकी मराठीत सांगायला गेलो आणि हसं करून घेतलं, ते तिने तिच्या भाषेत सांगितलं आणि कुणी हसलं नाही. पिराजी म्हणाला, काही लोक भांडले तिच्याशी. एकाने विचारलं, मग पायांचं काय करू? ती म्हणाली, माझं मालक जिना बसून उतरत्यात, तुमी बी उतरा, पण उतरताना पायरी दिसू दे. मी हे दोनदा म्हणायला लावलं त्याच्याकडून. असलं वाक्य मला आयुष्यात जमलं नाही.

"वैनी उठतच न्हाईत," पिराजी म्हणाला. "वैद्य बी काय बोलंना. पंचमीची लेक, तिला उठवायचं कुनी?"

खरंच, कुणी? तू उठवलंस तर गावात तोंड दाखवता येणार नाही. तुझ्या बायकोने उठवलं तर तिला तिच्या माहेरी पाय ठेवता येणार नाही. ओटी भरल्याशिवाय लेक जात नाही, आणि ओटी भरून घ्यायला ती तयार नाही. आपली रीत इतकी घट्ट विणलेली आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. माझा समज होता, ती फक्त लाडवांपुरती आहे.

आणि तू मला म्हणतोस, घेऊन जा. अमरेश, नेणारा भाऊ, आणून पोचवणाराही भाऊ. नवरा न्यायला येत नाही, हे तुझ्याच घरात मला सांगितलं होतं, नव्या जावयाला, हसून. मी येणार नाही. तिला काय पाहिजे ते तुला माहीत आहे, पिराजीलासुद्धा माहीत आहे. तू तिच्या शेजारी पायरीवर बसायचं, आणि रांगेतल्या प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने सांगायचं की आत काय आहे, आणि किती आहे ते तुला ठाऊक नाही. दुसरं वाक्य तिच्या मते जास्त महत्त्वाचं आहे. माझ्याही. ते झालं की ती स्वतः वळकटी बांधेल. तोवर तिला रोज भाकरी घाल. तिला तुमच्याकडची शेंगाचटणी आवडते.

तू फोनवर म्हणालास, तुझं घर तरी कसं चाललंय रे तिच्यावाचून? तुझ्या आवाजात काळजी होती. ती खरी होती, एवढं मला कळतं. तुझी काळजी नेहमीच खरी असते, तिचाच तर मी मारलेला आहे.

चाललं आहे असं. भात जमतो. भाकरी जमत नाही, बाळासोंच्या घरून येते. थेंबांचं जरा अवघड आहे. ते आता जन्मभर घालायचे आहेत, सकाळ-संध्याकाळ, उरलेलं राखायला. मी खुर्चीत मान मागे टाकतो, एका हाताने पापणी ओढतो, दुसऱ्या हातात बाटली. डाव्या डोळ्याला बाटली येताना दिसत नाही. पहिला थेंब हमखास चुकतो. काल बाळासो भाकरी घेऊन दारात आले तेव्हा तेच चाललं होतं. ते बिचारे तिथेच थबकले आणि म्हणाले, गुरुजी, असं करू नगा, येतील की वैनी. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. भाकरी गरम होती.

पण तुझा होऊ देणार नाही. कुणी इथून तिकडे बातमी आणली की सोमशेखर एकटा बसून डोळे पुसतो, तर लक्षात ठेव. गालावरून जे ओघळतं ते औषध आहे. मोजून दिलेलं. एका डोळ्याला एक थेंब.

सोमशेखर